आधी मुकादम

सकाळचे सव्वानऊ होत आलेत. भाईंदर पश्चिमेला, स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या गर्दीपलीकडे, फुटपाथच्या कडेला लाकडी पेट्या मांडल्या जातायत. डबेवाल्यांच्या सायकली येतात, स्टँडवर लागतात, हँडलला आणि कॅरिअरला अडकवलेले डबे भराभर खाली उतरतात. बोलणं जवळजवळ नाहीच. झाकणांवर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे वाचत हात चालतात : डबा कुठल्या स्टेशनला उतरायचा, तिथे तो कोण घेणार, कुठली इमारत, कितवा मजला. अंधेरीचे एका पेटीत, वांद्र्याचे दुसरीत. मरीन लाइन्सची पेटी सगळ्यात आधी भरते. भाईंदरच्या या बाजूला जैन कुटुंबं पुष्कळ. काळबादेवीच्या पेढीवर बसणाऱ्याला कांदा-लसणाशिवायचं जेवण घरचंच लागतं. हिऱ्यांचा बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, तसे काही डबे चर्चगेटच्या वाटेवरून वांद्र्याला वळले. शहर कसं बदललं ते या पेट्यांमध्ये नीट दिसतं.

यातला मुकादम, म्हणजे या गटाचा प्रमुख, कोण, हे नवख्याला सांगता येणार नाही. सगळ्यांची टोपी पांढरी, सगळ्यांच्या पायात धुळीच्या चपला. पंचावन्नच्या पुढचा, गळ्यात तुळशीची माळ असलेला एकजण घामाने निथळत सायकल लावतो आणि कुणाकडे न बघता सरळ डबे उतरवायला लागतो. तोच मुकादम. आजची लाईन, म्हणजे डबे गोळा करायची घरं, त्याची नाहीच. दीडशे फुटी रस्त्याकडचे डबे गोळा करणाऱ्याच्या घरी आई आजारी आहे, त्याचा पहाटे फोन आला. गटात अशा वेळेसाठी एक-दोन जादा माणसं ठेवलेली असतात, पण त्यातला एक आधीच दुसऱ्या लाईनवर गेलेला. मग मुकादमाने स्वतः सायकल काढली.

"तुम्हाला त्यांची सगळी घरं ठाऊक?" मी विचारतो.

"लाईन पाठ नसंल तर मुकादम कसला?" डबा पेटीत बसवता बसवता तो म्हणतो. "कुनाची बी लाईन द्या, जातो."

मी इथे आलोय ते असं नेतृत्व बघायलाच. या शहरात नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांचे फलक नाक्यानाक्यावर दिसतात. स्वतःला सुधारा, मग माणसं सुधारतील, असं तिथे शिकवतात. गोष्ट खरी आहे. पण ती रोज सकाळी, गाडी पकडायच्या घाईत, पगार देण्याचा किंवा नोकरीवरून काढण्याचा अधिकार हातात नसताना कशी चालते, ते मला या फुटपाथवर दिसतं. हा मुकादम कुणाचा साहेब नाही. गटात वीस-पंचवीस माणसं असतात, ती सगळी भागीदार. प्रत्येकजण स्वतःची सायकल, पेटी, कपडे घेऊन धंद्यात उतरतो. मिळकत एकत्र होते, खर्च वजा होतो, उरलेलं सारखं वाटलं जातं. मुकादमाला गटानेच निवडलेलं असतं आणि तोही डबे उचलतो. अशा माणसाचा शब्द पाळला जातो, तो केवळ त्याच्या वागण्यामुळे. दुसरं कुठलंही हत्यार त्याच्यापाशी नाही.

साडेनऊ. एक पेटी अजून अर्धी रिकामी. विशीतला एक मुलगा वेगाने सायकल मारत येतो, चेहरा लाल. कुणीतरी पुटपुटतं, "आजबी?" मुलगा उसळून काहीतरी उलट बोलणार, तोच मुकादम म्हणतो, "डबे लाव आधी." आवाज चढलेला नाही. दोघे-तिघे आपलं काम सोडून त्या मुलाच्या सायकलकडे जातात, चार हातांनी डबे उतरतात. अर्ध्या मिनिटात पेटी भरते. रागवायची वेळ असते आणि गाडीचीही वेळ असते. मुकादमाला दोन्ही ठाऊक आहेत.

मग पेट्या डोक्यावर. एका पेटीत चाळीसच्या आसपास डबे, वजन साठ किलोच्या घरात. जिने, पूल, फलाट. डोक्यावर पेटी घेऊन जिना चढणाऱ्याला लोक वाट देतात, पण हल्ली कानात गाणी घालून चालणारे खूप, म्हणून पुढचा माणूस सतत ओरडत असतो. लोकल येते. मालडब्याच्या दारात आतले दोघे वाकलेले, खालून पेट्या वर सरकवणारे चौघे. मधल्या स्टेशनांवर गाडी अर्धं-पाऊण मिनिट थांबते, तेवढ्यात सगळं आत जायला हवं. जातं. चर्चगेट इथून सुमारे 43 किलोमीटर, आणि पोचेपर्यंत प्रत्येक डबा तीन-चार हातांतून जाणार. इथल्या माणसाने पेटी चुकवली तर निस्तरणारा माणूस तिकडे अंधेरीला उभा असतो. त्याला हा मुलगा दिसणारही नाही.

गाडी गेल्यावर मुकादम मुलाला चहाच्या टपरीशी बाजूला घेतो. बाकीच्यांपासून दहा पावलं लांब. मी थोडं अंतर ठेवून उभा राहतो, पण ऐकू येतं.

"काय झालं रं?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या ताई रोज थांबवत्यात. भाजी व्हायचीय म्हनत्यात."

"किती थांबलास?"

"धा मिनटं."

"मंग पुढच्या घरांचं काय?"

मुलगा गप्प. मुकादम त्याच्याकडून नंबर घेऊन तिथूनच फोन लावतो. "ताई, डबेवाल्यांचा मुकादम बोलतोय. पोरगं तुमच्या दारात थांबतंय, त्येच्यामुळं पंधरा घरं खोळंबत्यात. उद्यापास्नं नऊला डबा तयार ठेवा. न्हाई जमलं तर तसं सांगा, आमी येनार न्हाई. राग मानू नका." फोन ठेवून मुलाला म्हणतो, "उद्या मी येतो तुझ्यासंगट. बघू कुठं येळ जातोय." दंडाचा विषय तो काढत नाही. दंड नसतो असं नाही; टोपी नसली, कामावर पिऊन आला, तर गट पैसे कापतो. पण या मुलाची चूक हयगयीची नाही, भिडेची आहे, हे त्याने ओळखलंय.

मी हा प्रसंग पुढे कितीतरी दिवस विसरणार नाही. माणसाला चार लोकांत खाली न बघायला लावता त्याची अडचण समजून घेणं, आणि त्याच वेळी ग्राहकाला स्पष्ट शब्दांत मर्यादा सांगणं, हे एका माणसाला क्वचितच जमतं.

चहा पिताना तो मोकळा होतो. गाव खेड तालुक्यात. डबेवाल्यांतले बहुतेक खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर, मुळशीकडचेच. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, तेव्हापासून गावकी आणि वारी दोन्ही या धंद्यात मुरलेली. हा एकादशी धरतो, दारूला शिवत नाही. "माळ घातली की आपोआप बंधन येतं. पोरं बघत असत्यात," एवढंच तो त्याविषयी म्हणतो.

मार्च 2020 मध्ये लोकल बंद पडली आणि हा सगळा डोलारा एका रात्रीत थांबला. मुकादम गावाला शेतीवर गेला. पाच हजारांच्या आसपास असलेले डबेवाले पांगले. कुणी वॉचमन झालं, कुणी रिक्षा धरली, बरेचजण परतलेच नाहीत. ऑफिसं घरी गेली, जेवण मोबाइलवरून मागवायची सवय लागली. "मी दर आठवड्याला समद्यांना फोन करायचो," तो सांगतो. "धंद्याचं बोलायचो न्हाई. भात कसाय, म्हातारी कशीय. गाडी चालू झाली तवा निम्मी तरी आली." 15 ऑगस्ट 2021 पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा या गटाने उरलेल्या लाईनी जोडून नव्याने वाटून घेतल्या. सगळ्यात लांबची आणि सगळ्यात कमी डब्यांची लाईन मुकादमाने स्वतःकडे ठेवली, हे मला दुसरा एकजण सांगतो. तो स्वतः सांगत नाही.

'फोर्ब्स'ने 1998 साली डबेवाल्यांवर लिहिलं, हार्वर्ड बिझनेस स्कूलने 2010 साली केस स्टडी केली, आणि जगभर चर्चा झाली ती डबा किती क्वचित चुकतो याची. मला त्या चर्चेपेक्षा चहाच्या टपरीवरची ती पाच मिनिटं मोठी वाटतात. डबा चुकत नाही, कारण ज्याच्याकडून तो चुकू शकतो त्या पोराची कुणीतरी अशी काळजी घेतलेली असते. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत आठ-दहा कामगार घेऊन कारखाना चालवणाऱ्या मालकाला हे इथे येऊन फुकट शिकता येईल. त्याने एवढंच बघावं की अडलेलं काम आधी कोण उचलतं आणि माणसाला कुठे नेऊन बोलतात.

आणि तुमच्या घरून डबा जात असेल, तर तो ठरलेल्या वेळेला तयार ठेवा. तुमच्यानंतर त्याला अजून चौदा-पंधरा दारं गाठायची असतात.