कोंडके, दादा : लोकप्रतिमा

(८ ऑगस्ट १९३२–१४ मार्च १९९८). मराठी रंगभूमी व चित्रपट यांतील विख्यात विनोदी नट, निर्माते व दिग्दर्शक. मूळ नाव कृष्णा. जन्म मुंबईच्या नायगाव भागातील गिरणी कामगार कुटुंबात. घराणे मूळचे पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील इंगवली गावचे. एका नटाने एकच विक्षिप्त व भोळसट व्यक्तिमत्त्व विचारपूर्वक घडवून ते आयुष्यभर जोपासल्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते.

एखादी भूमिका नाटकाबरोबर वा चित्रपटाबरोबर संपते. लोकप्रतिमा मात्र एका कलाकृतीतून दुसरीत जाते आणि अखेरीस नटाच्या नावाशी एकरूप होते. चार्ली चॅप्लिन याचा १९१४ मध्ये पडद्यावर आलेला भटक्या हे तिचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. कोंडके यांच्या प्रतिमेचे मूळ तमाशातील सोंगाड्यात आहे. सोंगाड्या मूर्खाचे सोंग घेतो आणि त्या आडून राजा, प्रधान, कोतवाल यांची फजिती करतो. त्याचे अज्ञान हेच त्याचे संरक्षण असते.

सेवा दलाच्या कलापथकातून कोंडके रंगमंचाकडे वळले. वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा (१९६५) या वगनाट्यातील हवालदाराच्या भूमिकेने त्यांना कीर्ती मिळवून दिली. चालू घडामोडींवर ऐन वेळी टिप्पणी करण्याची तमाशातील रीत त्यांनी येथे आत्मसात केली. भालजी पेंढारकर यांच्या तांबडी माती (१९६९) या चित्रपटातून त्यांचे पडद्यावर पदार्पण झाले. सोंगाड्या (१९७१) मधील नाम्याने मात्र त्यांची प्रतिमा निश्चित केली.

या प्रतिमेचे घटक मोजके होते : ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी, बावरलेला चेहरा, ग्रामीण ढंगाची बोली आणि आईला उद्देशून घातलेली ‘आये’ ही हाक. संवादाचे तंत्रही ठरलेले असे. द्व्यर्थी वाक्य पात्र निरागसपणे उच्चारी. दुसरा अर्थ प्रेक्षकाने लावावयाचा असे. शब्दांचा सरळ अर्थ निर्दोष असल्याने अशा वाक्यांना कात्री लावणे परिनिरीक्षकांना अवघड जाई. बोट लावीन तिथं गुदगुल्या (१९७८) यांसारखी चित्रपटांची नावेही याच तंत्राने योजलेली आहेत.

पडद्यावरील या बावळटाच्या मागे काटेकोर व्यावसायिक नियोजन होते. पांडू हवालदार (१९७५) पासून कोंडके दिग्दर्शनही करू लागले. नायिका उषा चव्हाण, आईच्या भूमिकेत रत्नमाला, पार्श्वगायनास महेंद्र कपूर व उषा मंगेशकर, असा संच त्यांनी अनेक चित्रपटांत राखला. परिचित वातावरणामुळे प्रेक्षक पुनःपुन्हा येत राहिला. त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि या विक्रमाची नोंद गिनीज बुकात झाली.

सोंगाड्याच्या प्रदर्शनास दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात अडथळा आला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली शिवसेनेने हस्तक्षेप केला. परिणामी हा भोळा नायक मराठी अस्मितेच्या प्रश्नाशीही जोडला गेला. पुढे कोंडके शिवसेनेच्या प्रचारसभांतून बोलू लागले आणि पडद्यावरील प्रतिमा राजकीय व्यासपीठावरही उपयोगी पडली.

या प्रतिमेविषयी मतभेद कायम राहिले. सुशिक्षित वर्गातील अनेकांनी तिला अश्लील ठरविले. स्त्रीपात्रांचा विनोदासाठी होणारा वापर हा आक्षेपही गंभीर आहे. उलटपक्षी, गिरणगावातील व खेड्यातील प्रेक्षकाला आपल्यासारखा बोलणारा, शहाण्यांना निरुत्तर करणारा नायक तिच्यातून लाभला. पूर्वी अशा पात्राला कथेत दुय्यम स्थान असे. कोंडके यांनी त्याला केंद्रस्थानी आणले.

प्रतिमेचे यश हीच तिची मर्यादाही ठरली. वय वाढले तरी नायक तोच भोळा तरुण राहिला आणि त्याच साच्याची पुनरावृत्ती होत गेली. तेरे मेरे बीच में (१९८४) पासून त्यांनी हिंदीतही चित्रपट काढले. तथापि बोलीचा आधार सुटल्याने विनोदातील द्व्यर्थ तेवढा उरला, सोंगाड्याचा उपरोध क्षीण झाला. मुंबई येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतरही दूरचित्रवाणीवरून त्यांचे चित्रपट पुनःपुन्हा दाखविले गेले. ज्यांनी त्यांना चित्रपटगृहात कधी पाहिले नाही, अशा पिढीलाही लोंबत्या नाडीचा तो भोळा नायक त्यामुळे परिचित झाला.