मूळव्याध : पथ्य व घरगुती उपचार
पांझरा नदीच्या तीरावरील देवपुरात, जेथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो आणि शरीरातील पाणी झपाट्याने आटते, तेथे मलावरोधामुळे कुंथावे लागून गुदद्वाराच्या रक्तवाहिन्या फुगू नयेत, म्हणून मुबलक पाणी पिणे आणि कळण्याची भाकरी, डाळी, पालेभाज्या, फळे यांचा आहारात नियमित अंतर्भाव करणे अगत्याचे आहे. शौचाचा वेग रोखू नये, शौचालयात विनाकारण बसूनही राहू नये. ठणका असल्यास कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोन-तीनदा 10 ते 15 मिनिटे बसावे. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. मात्र रक्त पडत असल्यास संकोच न बाळगता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, कारण आतड्याच्या कर्करोगाचेही तेच लक्षण असू शकते.