जमिनीखालचे मोजमाप : एका लहान कंपनीची वाढ आणि आपल्या विहिरी

विहीर कोठे खणावी, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. जमिनीच्या वरचे सर्व काही त्यास दिसते. माती काळी की बरड, उतार कोणत्या अंगास, ओढा कोठून वाहतो, हे तो नजरेने ओळखतो. परंतु पायाखाली दहा परसांवर काय दडले आहे, हे मात्र कोणासच दिसत नाही. म्हणून कोणी पाणाड्यास बोलावितो, कोणी शेजाऱ्याच्या विहिरीकडे पाहून जागा ठरवितो, तर कोणी बोअरचे यंत्र शेतात उभे करून एका रात्रीत दोन-तीनशे फूट भोक पाडून मोकळा होतो. पाणी लागले तर ठीकच. न लागल्यास कर्जाचा बोजा तेवढा अंगावर राहतो.

जमीन न खणता तिच्या पोटात काय आहे हे मोजून काढण्याचा उद्योग फ्रान्स देशातील दोन बंधूंनी शंभर वर्षांपूर्वी आरंभिला. त्यांची कंपनी प्रथम अगदी लहान होती, आणि तिचे काम खनिजे व तेल यांच्या शोधाचे होते. तथापि तिने घालून दिलेली पद्धत आज महाराष्ट्रात विहिरीची जागा ठरविताना वापरली जाते. शिवाय ही कंपनी कशी वाढली, यात शेतकऱ्यांनी ध्यानी घेण्यासारखे पुष्कळ आहे.

उद्योगाचा आरंभ

कॉनराड श्लुंबर्जे हे पॅरिस येथील खाणविद्येच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. निरनिराळे खडक विजेला निरनिराळा विरोध करतात, हे शास्त्रज्ञांस ठाऊक होते. मग जमिनीत वीज सोडून तिचा प्रवाह कसा पसरतो हे पृष्ठभागावर मोजले, तर खालच्या खडकांची कल्पना येणार नाही काय, असा विचार त्यांनी केला. इ. स. १९१२ मध्ये नॉर्मंडी प्रांतातील आपल्या कुटुंबाच्या जमिनीवर त्यांनी अगदी साध्या साधनांनी मोजणी केली आणि विजेच्या समान दाबाच्या रेषांचा पहिला नकाशा तयार केला.

पहिल्या महायुद्धामुळे हे काम खंडित झाले. युद्धानंतर, १९१९ साली, त्यांचे वडील पॉल श्लुंबर्जे यांनी या संशोधनासाठी पाच लक्ष फ्रँक देऊ केले. मात्र या कामात द्रव्यलाभापेक्षा शास्त्रीय सत्यास अधिक मान असावा, अशी अट त्यांनी घातली. धाकटे बंधू मार्सेल हे अभियंता होते. ते या कामात भागीदार झाले. १९२० मध्ये कॉनराड यांनी आपल्या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२३ मध्ये रुमानियातील एका मिठाच्या घुमटाचा माग त्यांनी विजेच्या मोजणीने काढला. असे घुमट तेलाच्या शोधात महत्त्वाचे असतात. १९२६ मध्ये दोघा बंधूंनी पॅरिस येथे विद्युत्‌-सर्वेक्षणाची रीतसर कंपनी स्थापन केली.

छिद्रात उतरलेली मोजणी

तोपर्यंतचे काम जमिनीच्या पृष्ठभागावरून चालत असे. परंतु खोल छिद्र पाडताना कोणत्या खोलीवर कोणता थर लागला हे समजण्यास खडकाचे नमुने अखंड कापून वर काढावे लागत. त्या कामी वेळ व पैसा फार खर्ची पडे. आल्सास प्रांतात पेशेलब्रॉन येथे तेलाचे जुने क्षेत्र होते. तेथील एका छिद्रात ५ सप्टेंबर १९२७ रोजी कॉनराड यांचे जामात आंरी डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेच्या टोकास विद्युत्‌-अग्रे बांधून ती आत सोडली. दर मीटरला थांबावयाचे, विरोध मोजावयाचा आणि आकडा कागदावर मांडावयाचा, असे हे कष्टाचे काम होते. सर्व बिंदू जोडल्यावर जी वेडीवाकडी रेषा तयार झाली, ती त्या छिद्राची जणू जन्मपत्रिकाच ठरली. मऊ थर, कठीण थर व त्यांची जाडी त्या रेषेत वाचता येऊ लागली.

याहून मोठा लाभ पुढे दिसून आला. जवळच्या दोन छिद्रांच्या रेषा शेजारी शेजारी ठेवल्या असता एकच थर इकडून तिकडे कसा गेला आहे, हे ओळखता येऊ लागले. एका छिद्राची नोंद दुसऱ्या छिद्रास वाट दाखवू लागली. १९२९ पासून व्हेनेझुएला, अमेरिका व सोव्हिएत संघ या देशांत हे काम सुरू झाले. १९३१ मध्ये विरोधाच्या जोडीस छिद्रात आपोआप उत्पन्न होणारा विजेचा सूक्ष्म दाबही मोजला जाऊ लागला. त्यामुळे द्रव पाझरू देणारा थर आणि न देणारा थर यांतील भेद अधिक स्पष्ट झाला. एकाच मोजणीवर विसंबून निर्णय घेऊ नये, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले.

कॉनराड १९३६ मध्ये व मार्सेल १९५३ मध्ये निवर्तले. तरी कंपनी वाढतच राहिली, कारण तिच्यापाशी केवळ यंत्रे नव्हती, तर मोजण्याची व लिहून ठेवण्याची शिस्त होती. आज ती जगातील तेलक्षेत्रांस सेवा पुरविणाऱ्या अत्यंत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे.

आपल्या काळ्या पाषाणात ही पद्धत

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग लाव्हारसाच्या थरांनी बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. हे थर एकावर एक रचलेले आहेत. पुष्कळ ठिकाणी थराचा माथा सच्छिद्र व झिजलेला, तर पोट भरीव असते. दोन थरांमध्ये कित्येकदा तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात, सच्छिद्र भागात व खडकाच्या भेगांत. भरीव पाषाणात भेग नसेल तर कितीही खोल गेले तरी पाण्याचा थेंब मिळत नाही. ‘जितके खोल तितके पाणी’ ही समजूत आपल्या भूमीस लागू पडत नाही, ती याच कारणाने.

विद्युत्‌-मोजणीत चार खुंट्या एका सरळ रेषेत रोवतात. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतात व आतल्या दोहोंमधील दाब मोजतात. बाहेरच्या खुंट्या जसजशा दूर न्याव्यात, तसतशी अधिक खोलीवरील माहिती मिळते. आतल्या खुंट्या शक्य तो जागीच ठेवून बाहेरच्या सरकविण्याच्या या मांडणीस सर्वेक्षक आजही ‘श्लंबर्जर पद्धत’ असेच म्हणतात. पाण्याने भरलेला झिजलेला खडक विजेला थोडा विरोध करतो. भरीव पाषाणाचा विरोध पुष्कळ अधिक असतो.

परंतु येथे सावधगिरी अवश्य आहे. चिकण माती व तांबड्या मातीचा पट्टा यांचाही विरोध कमीच असतो, आणि खाऱ्या पाण्याचा तर फारच कमी. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात केवळ कमी विरोध पाहून विहीर घेतली, तर पाणी लागेल. पण ते पिकास घातक ठरेल. यंत्र आकडा दाखविते, पाणी दाखवीत नाही. आकड्याचा अर्थ लावण्यास आसपासच्या विहिरींची माहिती व जाणकाराची दृष्टी लागते. याच पद्धतीने खाऱ्या पाण्याचे आक्रमण व कचऱ्याच्या डेपोतून जमिनीत उतरणारे दूषित पाणी यांचाही माग काढता येतो.

यंत्र वाढले, मोजणी मागे राहिली

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात छिद्र पाडण्याची यंत्रे झपाट्याने वाढली. त्याच दशकाच्या आरंभी राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही उभी राहिली. परंतु शेतोशेती पडलेल्या असंख्य बोअरांपैकी बहुतेकांची खडकाची नोंद कोणापाशीही नाही. शेजारच्या शेतात ज्या खोलीवर कोरडा पाषाण लागला, त्याच खोलीपर्यंत दुसरा शेतकरी पुन्हा खर्च करून जातो. एका बोअरमध्ये पाणी आले की दुसऱ्याची विहीर आटते, आणि मग दोघेही अधिक खोल जातात. पाणी मात्र त्याच पावसाचे, त्याच मुरमात मुरलेले असते. त्या फ्रेंच कंपनीने प्रत्येक छिद्राची नोंद पुढच्या छिद्राच्या उपयोगी आणिली; आपण ती मातीमोल होऊ देतो.

शेतकरी बंधुभगिनींनी काय करावे ?

(१) जागा ठरविण्यापूर्वी भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अथवा जाणकार भूवैज्ञानिकाकडे चौकशी करावी. बोअर कोरडे गेल्यास होणाऱ्या हानीच्या मानाने सर्वेक्षणाचा खर्च अल्प असतो.

(२) मोजणीसाठी दोन-तीनशे मीटर लांबीची सरळ रेषा लागू शकते व ती शेजाऱ्याच्या बांधापलीकडे जाते. यास्तव परस्परांस जाऊ द्यावे. माहिती दोघांसही उपयोगी पडते.

(३) बोअर चालू असताना दर दहा फुटांस निघणारा भुगा वेगवेगळ्या पुड्यांत बांधून वर खोली लिहावी. काळा बारीक भुगा भरीव पाषाणाचा, तांबडा मातीच्या पट्ट्याचा, तर पांढरे खडे बहुधा सच्छिद्र थराचे निदर्शक असतात.

(४) पाणी कोणत्या फुटावर लागले, किती इंच लागले व केसिंग किती फूट घातले, हे वहीत टिपावे. कोरड्या बोअरची नोंद तितक्याच काळजीने ठेवावी. बोअर कोरडे गेले हीदेखील मोलाची माहिती होय.

(५) महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ अन्वये ६० मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, आणि यंत्रमालकांची नोंदणी आवश्यक आहे. खोल जाण्यापूर्वी कायद्याची माहिती करून घ्यावी.

(६) दिवाळीनंतर व वैशाखात विहिरीतील पाण्याची पातळी मोजावी. गावच्या सर्व वह्या एकत्र केल्यास गावाच्या भूगर्भाचा नकाशा आपोआप तयार होतो. रब्बीस किती पाणी हाती आहे, याचा अंदाज त्यावरून बांधून पिके ठरवावीत.

दर मीटरला एक आकडा लिहिण्याच्या कामास मोठे भांडवल लागत नाही. चिकाटी मात्र लागते. ही चिकाटी ज्या गावात आहे, त्या गावचा पैसा कोरड्या पाषाणात जाण्याचे पुष्कळ अंशी टळेल, आणि खालचे पाणी पुढील पिढीसही पुरेल.