मुक्या सोबत्याचे स्मरण

गेल्या आषाढात आमच्या वर्गातील एक विद्यार्थी दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी कारण विचारता खाली मान घालून तो म्हणाला, "गुरुजी, आमचा म्हातारा बैल गेला." वर्गात हशा पिकला आणि, खरे सांगावयाचे तर, आम्हांसही क्षणभर हसू आले. आमचे मूळ गाव गोव्यात, मातृभाषा कोंकणी. पांढुर्णा-सौंसरच्या काळ्या मातीतील माणसाचे बैलाशी असलेले नाते आम्हांस तोवर पुरते उमगले नव्हते. पुढे जे कळले ते येथे सांगत आहो.

इतिहासाने स्वामिनिष्ठ घोड्यांची आठवण राखली आहे. १५७६ च्या लढाईत कामी आलेल्या चेतकाचे स्मारक हळदीघाटाजवळ आहे. इ. स. पूर्व ३२६ मध्ये शिकंदराने आपल्या मृत अश्वाच्या नावाने झेलमच्या तीरी नगर वसविले. शेतकऱ्याच्या बैलासाठी मात्र कोणी छत्री उभारीत नाही. मग त्याचे स्मरण राहते कोठे?

या भागातील बैलांची जुनी जात गवळाऊ. वर्धा, नागपूर, छिंदवाडा व शिवनी हा तिचा प्रदेश. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा झालेला आपला पांढुर्णा जिल्हाही त्यातलाच. रंग पांढरा, बांधा हलका, चाल चपळ. मराठी फौजांचे सामान डोंगरवाटांनी झपाट्याने नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असे सांगतात.

बैलाचे वय दातांवरून ओळखतात. त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात. दोन वर्षांच्या सुमारास दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी येते, तेव्हा तो 'दोनदाती' होतो. चौथ्या-पाचव्या वर्षी आठही दात पुरे होतात. पुढे ते झिजतात, कडबा चावत नाही, खांदा जू सोशीत नाही. शेतकऱ्याची खरी परीक्षा येथेच होते, कारण काम न करणाऱ्या जनावरालाही चारा लागतोच. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांना अनेकांनी बैल विकण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी तो मानला नाही. भिजविलेली ढेप व कोवळे गवत घालून तीन वर्षे त्याला कामावाचून पोसले आणि अखेर आपल्याच शेताच्या बांधाशी पुरले.

श्रावणी अमावास्येस पोळा येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याला झुली, बाशिंगे व घुंगुरमाळा घालून त्यांना तोरणाखाली आणतात. काही गावांत शिंगांना मखर बांधलेला वृद्ध बैल सर्वांच्या पुढे चालतो. तोरण तोच तोडतो. ज्याचे बळ सरले त्याला पहिला मान! हा मान त्याला जिवंतपणीच मिळतो, हे विशेष.

त्या पोळ्याला विद्यार्थ्याने आम्हांस घरी बोलाविले. गोठ्यात एक खुंटा रिकामा होता. त्याच्या आईने बैलांची पूजा आटोपली आणि त्या खुंट्यालाही हळदकुंकू लावून पुरणपोळीचा घास ठेवला. आम्हांस आमचे हसू आठवले व लाज वाटली.

विद्यार्थिमित्रहो, आता ट्रॅक्टर आले, गोठे ओस पडत आहेत. परंतु ज्याच्या श्रमावर आपले घर उभे राहिले, त्याच्या वार्धक्यात त्याला घास देणे, हेच त्याचे खरे स्मारक होय.