भामरागडला गाडी काढण्याआधी: काही समज आणि वस्तुस्थिती

शिरूर किंवा दौंडहून भामरागड साधारण हजार किलोमीटर. राज्याची हद्द न ओलांडता याहून लांबचा आणि आडवाटेचा पल्ला सापडणं कठीण. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य वेचून उभा केलेला भामरागडजवळच्या हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहायची इच्छा अनेक घरांत असते. जायलाच हवं अशी ती जागा आहे. पण बेत आखताना जे आडाखे बांधले जातात ते महाबळेश्वर किंवा तिरुपतीच्या अनुभवावरचे असतात, आणि आलापल्लीच्या पुढे ते चालत नाहीत.

सर्वांत मोठी गफलत वेळेच्या हिशेबात होते. ‘समृद्धी झाला, आता बारा-चौदा तासांत पोचू.’ ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, हे खरं. नगरवरून छत्रपती संभाजीनगर गाठून समृद्धीला लागलं की त्याच दिवशी नागपूर येतं. पण नागपूर म्हणजे वाटेतला मुक्काम, पोचायचं ठिकाण नव्हे. तिथून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि पुढे चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत भामरागड जवळपास तेवढंच. आलापल्लीनंतरचे शेवटचे पासष्ट किलोमीटर दाट जंगलातले. म्हणून बेत शेवटाकडून आखावा. आलापल्लीहून सकाळी निघायचं, हे आधी पक्कं करायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. एका बाजूचे तीन दिवस धरले तर प्रवास माणसासारखा होतो. दौंडकरांना सोलापूर-हैदराबाद महामार्गाने जाऊन तेलंगणातून सिरोंच्याला वर येणं सोपं वाटतं. नकाशावर ते दिसतंही सरळ. मात्र सिरोंचा ते आलापल्ली रस्त्याची अवस्था तिथल्याच कुणाला विचारल्याशिवाय ती वाट धरू नये.

‘रात्री दोनला निघू, रस्ता मोकळा मिळेल,’ ही आपल्याकडची जुनी सवय. ती सोडावी असं मला मनापासून वाटतं. पहाटे दोन ते पाच ही शरीराची गाढ झोपेची वेळ. चहाने डोळे उघडे राहतात, मेंदू राहत नाही. शिवाय सहलीचा मोसम आणि गाळपाचा हंगाम एकच. शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर त्या वेळी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. भामरागडचा धोका मोजत बसलेल्या माणसाला खरा धोका न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या अलीकडेच गाठू शकतो. पाच-साडेपाचला, झोप पूर्ण करून निघावं.

टायरबद्दलचा समज तर उलटाच आहे. ‘उन्हात हवा फुगते, म्हणून चार पौंड कमी ठेवा.’ हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त दबतात, पुन्हा पुन्हा वाकून तापतात, आणि सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास वेगाने गेल्यावर तिथेच फुटतात. गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब भरावा. सामान आणि माणसं पूर्ण असतील तर त्यासाठी दिलेला वाढीव आकडा घ्यावा. नायट्रोजन नसला तरी काही बिघडत नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. त्यापेक्षा टायरचं वय पाहा. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीचंही वय बघा, तिची आठवण जंगलात येते.

‘फोर-बाय-फोर हवी’ असं ऐकून पुष्कळजण बेतच सोडून देतात. कोरड्या दिवसांत साधी, चांगल्या टायरची मोटार पुरते. गाडीपेक्षा महिना महत्त्वाचा. आणि पावसाळ्यात कुठलीही गाडी पुरत नाही, हे दौंडच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. दौंडच्या आभाळात थेंब नसतो, पण भीमाशंकरला आणि मावळात कोसळतो, धरणांतून पाणी सुटतं, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते आणि दौंडला नदी दुथडी वाहते. भामरागडचं गणित हेच. तिथे पामुलगौतम आणि पर्लकोटा इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती येते ओडिशातून, बस्तर ओलांडून. तिकडे पाऊस झाला की इंद्रावती फुगते, पर्लकोटेचं पाणी तुंबतं, पुलावर चढतं आणि भामरागडचा संपर्क तुटतो. डोक्यावरचं निळं आभाळ तिथे काहीच सांगत नाही. ‘आपली गाडी जड आहे, निघेल’ हा विचार तर जीवघेणाच. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान मोटार तरंगू लागते; दोन फुटांत बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.

नक्षलवाद्यांची भीती आजही विचारली जाते. परिस्थिती खूप बदलली आहे: १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षलवाद्यांचा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. तरी शेवटचा टप्पा दिवसाउजेडीच करावा आणि निघण्याआधी आलापल्लीला रस्त्याची चौकशी करावी. टाकी तिथेच भरावी. रोख रक्कम जवळ असावी, कारण मोबाइलला रेंज नसेल तर पैसे देणंही थांबतं. नकाशाही आधीच उतरवून ठेवावा. आणि वाटेतली माडिया आदिवासींची गावं हा कुणाचा देखावा नाही. विचारल्याशिवाय फोटो काढू नये, अंगणात शिरू नये.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. तेलंगणा किंवा छत्तीसगडात खासगी गाडी नेण्यासाठी एनओसी लागत नाही. बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तरच नोंदणी बदलावी लागते. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी मात्र भाड्याने घेऊ नये. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात.

राहिला हिवताप. ‘दोन रात्रींत काय होतंय,’ असं म्हणतात, आणि घरी परतल्यावर विषय संपला असं धरतात. गडचिरोलीत मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम हिवताप आढळतो, आणि डास चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे ताप येतो तो शिरूरमध्ये, कामावर रुजू झाल्यावर, आणि तो व्हायरल समजून अंगावर काढला जातो. हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तेव्हा मच्छरदाणी गाडीत हवीच. प्रतिबंधक गोळ्या जाण्याआधी सुरू होऊन परतल्यावरही काही आठवडे चालतात. गरोदर बाई किंवा लहान मूल सोबत असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि परतल्यावर महिना-दीड महिन्यात कुणालाही थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पहिलं वाक्य हेच सांगावं: ‘डॉक्टर, आम्ही गडचिरोलीला जाऊन आलोय, रक्त तपासा.’