टाचण्यांनी सांधलेला पोशाख

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर नावाचा परगणा आहे. तिथल्या आमिश या ख्रिस्ती पंथातल्या बाईच्या झग्याला पुढून बटणं नसतात आणि चेनही नसते. एकरंगी झगा, खांद्यांवरून उतरून कमरेशी आवळलेला त्रिकोणी शेला आणि खाली एप्रन, हे सगळं ती रोज सकाळी टाचण्यांनी अंगावर बसवते. या साध्या सरळ टाचण्या असतात, सेफ्टी पिनाही नव्हेत. टोक अंगाला लागणार नाही अशी टाचणी कशी खोवायची, हे मुलगी आईकडून शिकते. तिच्या नवऱ्याच्या रविवारच्या काळ्या कोटाला लॅपल नसते आणि पुढची बाजू हूक-आकड्यांनी बंद होते. त्याच्या कामाच्या शर्टाला मात्र बटणं चालतात, आणि पाटलोणीची पुढची रुंद झडपही बटणांवरच अडकलेली असते.

कोटाला बटण नको आणि शर्टाला चालेल, यात तर्क शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. मिशा आणि बटणं ही सैनिकी दिमाखाची खूण होती आणि युद्धाला नकार देणाऱ्यांनी ती टाळली, असं कारण सांगितलं जातं. पण नियम टिकला तो कारणाच्या जोरावर नव्हे. सगळ्यांनी मिळून तो पाळायचं ठरवलं आहे, म्हणून तो टिकला. आमिश पोशाख म्हणजे जुन्या काळाचा उरलेला अवशेष, ही समजूत मला म्हणूनच चुकीची वाटते. तो दर पिढीत, खरं तर दर वर्षी, पुन्हा केला जाणारा निर्णय आहे.

त्यामागचा इतिहास रक्ताळलेला आहे. 1525 च्या जानेवारीत झुरिक शहरात काही तरुणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला धर्म निवडता येत नाही, तो जाणत्या माणसानेच स्वतःहून निवडावा, हे त्यांचं म्हणणं. चर्च आणि राज्यसत्ता एकत्र नांदत असताना हा राजद्रोहच ठरला. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ यांना त्याच शहरातल्या लिमाट नदीत बुडवून मारण्यात आलं. पुढे हजारोंना या श्रद्धेपायी मरण आलं. 1536 मध्ये मेनो सिमन्स या डच धर्मगुरूने कॅथलिक चर्च सोडून या विखुरलेल्या लोकांना सावरलं, त्यांच्या नावावरून ते मेनोनाइट झाले. 1693 मध्ये याकोब आमान यांनी शिस्त ढिली पडल्याचा आक्षेप घेतला. नियम मोडणाऱ्यावर बहिष्कार कडक असावा, दाढी कातरू नये, कपडे साधे असावेत, असा आग्रह धरून ते वेगळे झाले. त्यांचे अनुयायी ते आमिश. अठराव्या शतकात ते पेन्सिल्व्हेनियात येऊ लागले. युरोपात मात्र त्यांची शेवटची मंडळी 1937 मध्ये मेनोनाइटांत विलीन झाली. आज सुमारे चार लाख आमिश आहेत आणि ते जवळपास सगळे उत्तर अमेरिकेतच राहतात.

त्यांचं कुठलंही केंद्रीय धर्मपीठ नाही. पंचवीस-तीस कुटुंबांची एक मंडळी असते. तिला चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी किंवा धान्याच्या कोठारात उपासना होते आणि बाकांनी भरलेली गाडी त्या त्या घरी नेली जाते. या मंडळीचे नियम, ज्यांना ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात, बहुतेक ठिकाणी कागदावर नसतात, लोकांच्या तोंडी आणि सवयीत असतात. वर्षातून दोनदा प्रभुभोजनाच्या आधी त्यांची उजळणी होते. टोपीच्या काठाची रुंदी, झग्याची लांबी, चालणारे रंग, फोन कुठे ठेवायचा, हे सगळं त्यात येतं. एकमत झालं नाही तर प्रभुभोजनच पुढे ढकललं जातं. आपापसात बेबनाव असताना देवाच्या पंगतीला बसायचं नाही.

म्हणूनच शेजारच्या दोन मंडळ्यांतही फरक दिसतो. पेन्सिल्व्हेनियातल्याच किशाकोक्विलस खोऱ्यात एका गटाच्या घोडागाड्यांचं छत पांढरं आहे, दुसऱ्याचं पिवळं, तिसऱ्याचं काळं. पांढऱ्या छताचे पुरुष गॅलिस लावतच नाहीत, पिवळ्या छताचे एकाच खांद्यावरून घेतात. लँकेस्टरच्या गाड्या करड्या. जाणकाराला माणूस कुठल्या गटाचा हे लांबूनच कळतं.

यातली सर्वात बोलकी वस्तू म्हणजे बायकांची पांढरी टोपी, त्यांच्या बोलीत ‘काप’. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, स्त्रीने प्रार्थनेच्या वेळी मस्तक झाकावं असं सांगितलं आहे. प्रार्थना तर कधीही मनात येऊ शकते, म्हणून काप दिवसभर डोक्यावर. लँकेस्टरची काप पातळ ऑर्गंडीची, मागून बदामाच्या आकाराची. ओहायो-इंडियानाकडची कडक इस्त्रीची, बारीक चुण्यांची. बाहेर जाताना तिच्यावर काळं बॉनेट चढतं. केस कापायचे नाहीत, मधोमध भांग पाडून मागे घट्ट बांधायचे.

वयाच्या पायऱ्याही कपड्यांवर उमटतात. काही वसाहतींत उपासनेला अविवाहित मुली काळी काप घालतात आणि लग्नानंतर पांढरी. पुरुष लग्न झालं की दाढी वाढवतो, मिशी मात्र काढतो. अंगठी नसते, दाढी हीच लग्नाची खूण. तिचं मोल किती, हे 2011 मध्ये ओहायोत दिसलं. फुटून निघालेल्या एका गटाने विरोधकांना पकडून त्यांच्या दाढ्या आणि त्यांच्या बायकांचे केस कापले. 2012 मध्ये सोळा जणांना द्वेषमूलक गुन्ह्यासह दोषी ठरवलं गेलं. द्वेषाच्या कलमाखालची शिक्षा 2014 मध्ये अपिलात रद्द झाली, पण जखम केसांची नव्हती हे जगाला कळलं.

नवरी लग्नाचा झगा बहुधा स्वतः शिवते. तो बहुतेकदा निळा असतो, पुढे रविवारच्या उपासनेला घालण्याजोगा. त्या दिवशीचा पांढरा शेला आणि एप्रन मात्र जपून ठेवला जातो, आणि अनेक ठिकाणी तिला शेवटी त्यातच दफन करतात. एका दिवसासाठी डोळे दिपवणारं काही नेसून ते कपाटात कोंडण्यापेक्षा ही रीत मला फार अर्थपूर्ण वाटते.

सोमवार धुण्याचा. पेट्रोलच्या इंजिनावर चालणारं, पिळायचे रोलर असलेलं जुन्या घडणीचं यंत्र, आणि अंगणापासून उंच खांबापर्यंत कप्पीवर सरकणारी लांब दोरी. ती भरली की घरात किती माणसं आणि कुठल्या वयाची, हे रस्त्यावरून वाचता येतं. शिवणाचं मशीन पायाचं असतं नाहीतर दाबाच्या हवेवर चालणारं. विजेच्या तारा घरात येऊ द्यायच्या नाहीत, पण हवा चालते. कापडाच्या बाबतीतही जुनं ते सोनं असा हट्ट नाही. बऱ्याच जणी पॉलिएस्टर वापरतात, कारण ते टिकतं आणि इस्त्री लागत नाही. सात-आठ लेकरांचे कपडे शिवणाऱ्या, धुणाऱ्या बाईला याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. साधेपणाची परीक्षा इथे धाग्याच्या जातीवर होत नाही. शेजारणीपेक्षा मी उठून दिसते का, एवढाच प्रश्न असतो.

कधी हा आग्रह सरकारशीही भिडतो. सावकाश चालणाऱ्या वाहनामागे नारिंगी त्रिकोण लावण्याचा कायदा स्वार्त्झेनट्रूबर या सर्वात कडव्या गटाने मानला नाही. रंग भडक आहे, आणि राखण करणारा देव आहे, खूण नव्हे, असं त्यांचं म्हणणं. केंटकीत काहींनी दंड भरण्यापेक्षा तुरुंग पत्करला. 2012 मध्ये तिथे कायदा बदलला आणि परावर्तक पट्ट्या चालू लागल्या. आठवीपुढे मुलांना शाळेत न पाठवण्याचा हक्क तर त्यांनी 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून मिळवला.

या व्यवस्थेचं ओझं मला दिसतं. बाप्तिस्मा मोठेपणी आणि स्वेच्छेने होतो हे खरं, सोळाव्या वर्षापासून तरुणांना मोकळीक मिळते हेही खरं. पण एकदा शपथ घेऊन मोडली तर स्वतःच्या आईच्या टेबलावरही वेगळं बसावं लागू शकतं. आठवीपर्यंत शिकलेल्या मुलीसाठी बाहेरचं दार किती उघडं असतं, हा प्रश्न उरतोच. शिवाय नियमांचा मोठा भाग बाईच्या अंगावर येतो. अमेरिकन मेनोनाइटांच्या इतिहासात हे स्पष्ट दिसतं. पुरुषांचे बिनलॅपलचे कोट आधी गेले, बायकांची काप त्यानंतर कितीतरी वर्षं राहिली. समाजाची ओळख जपायचं काम तिच्या डोक्यावर सोपवून पुरुष बाजारात इतरांसारखे वावरू लागले. आमिश पुरुष निदान स्वतःची दाढी आणि टोपी घेऊन तिच्या बरोबरीने ओळखू येतो, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मेनोनाइट म्हटलं की एकच चित्र उभं करणं मात्र चुकीचं. जुन्या रीतीचे मेनोनाइट घोडागाडी वापरतात, पण त्यांचे पुरुष दाढी राखत नाहीत आणि बायकांच्या झग्यांवर बारीक फुलंही चालतात. 1922 पासून कॅनडातून मेक्सिकोत गेलेल्यांच्या वसाहतींत पुरुष बिबवाल्या डंगरीत दिसतात आणि बायका गडद फुलांच्या झग्यांत, रिबिनीच्या गवती टोप्यांत. शाळेत कुठली भाषा चालावी यावरून सरकारशी तंटा होऊन ते निघाले होते. अमेरिकेतल्या बहुसंख्य मेनोनाइटांना मात्र तुम्ही गर्दीत ओळखूच शकणार नाही.

आणि एक धागा आपल्या शेजारापर्यंत येतो. 1897 च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइटांनी भारतात मदत पाठवली. पाठोपाठ त्यांचे मिशनरी आले आणि 1899 मध्ये विदर्भाला लागून असलेल्या छत्तीसगडच्या मुलखात, धमतरीला स्थिरावले. तिथलं त्यांचं रुग्णालय आजही चालू आहे. तेलंगणातल्या महबूबनगर भागातही मोठ्या मंडळ्या आहेत. इथली मेनोनाइट बाई साडी नेसते, आणि करिंथकरांच्या पत्रातलं तेच वचन पाळायचं असेल तर प्रार्थनेला पदर डोक्यावर घेते. त्यासाठी ऑर्गंडी कधी लागली नाही. आज जगातले सर्वाधिक मेनोनाइट आफ्रिकेत आहेत. तिथे आणि इथे या पंथाची ओळख पोशाखावरून ठरत नाही, शांततेचा आग्रह आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा यांवरून ठरते.