छोट्या कार्यालयातील राउटर : जोडणी तासाची, राखण रोजची

छोट्या कार्यालयात कपाटाला कुलूप असते, रोख पेटीची किल्ली मालकाजवळ असते आणि धनादेश-पुस्तिका खणात बंद असते. मात्र त्याच कार्यालयातून कर्मचाऱ्यांच्या पगाराची यादी बँकेकडे जाते, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरले जाते, पुरवठादाराला एनईएफटीने रक्कम पाठवली जाते. हे सारे व्यवहार ज्या वाटेने जातात, त्या वाटेवर एक छोटीशी पेटी असते. बहुधा ती दूरध्वनीशेजारी, जुन्या फायलींच्या ढिगावर धूळ खात पडलेली असते. तिलाच राउटर म्हणतात. कार्यालयातील सर्व कुलपांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्व आज या पेटीला आले आहे. परंतु कुलपाची जी काळजी घेतली जाते, ती तिच्या वाट्याला क्वचितच येते.

भारतात २००४ साली ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले आणि जानेवारी २००५ पासून भारत संचार निगम व महानगर टेलिफोन निगम यांनी घरोघरच्या दूरध्वनीच्या तारेवरून ही सेवा देण्यास प्रारंभ केला. त्या वेळी सेकंदाला २५६ किलोबिट हा वेग ब्रॉडबँड म्हणवून घेण्यास पुरेसा होता. २०२३ साली ही मर्यादा २ मेगाबिटवर नेण्यात आली. दरम्यान अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेची जागा प्रकाशतंतूने घेतली. तरीही जेथे जुनी दूरध्वनी जोडणी टिकून आहे, तेथे डीएसएल राउटर हाच छोट्या व्यावसायिकाचा आधार असतो. शिवाय तार बदलली तरी राखणीचे नियम बदलत नाहीत.

एका तारेवरचे दोन मार्ग

मनुष्याच्या आवाजाला दूरध्वनीच्या तारेवर ४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. त्याच्या वरचा पट्टा पूर्वी रिकामाच असे. डीएसएल तंत्राने सुमारे २५ किलोहर्ट्झपासून पुढचा हा रिकामा पट्टा माहितीच्या वाहतुकीसाठी वापरला. एडीएसएल-२-प्लस या सुधारित प्रकारात हा पट्टा २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि अनुकूल स्थितीत सेकंदाला २४ मेगाबिटपर्यंत माहिती उतरवून घेता येते. मात्र तार जितकी लांब, तितका संकेत क्षीण. म्हणूनच केंद्राच्या जवळच्या दुकानाला जो वेग मिळतो, तो चार-पाच किलोमीटरवरच्या कारखान्याला मिळत नाही. यात राउटरचा दोष नसतो आणि महागडा राउटर आणून तो दूरही होत नाही.

आवाज आणि माहिती यांना वेगळे करण्याचे काम स्प्लिटर नावाची काडेपेटीएवढी डबी करते. बाहेरून आलेली तार प्रथम स्प्लिटरमध्ये यावी. तेथून एक फाटा दूरध्वनीकडे व दुसरा राउटरकडे जावा. कार्यालयात अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा किंवा फॅक्स असल्यास तीही स्प्लिटरच्या दूरध्वनीच्या बाजूलाच जोडावी. स्प्लिटरच्या आधीच कोणी जादा फोन समांतर जोडला, तर बोलताना खरखर ऐकू येते आणि फोन उचलताच इंटरनेट तुटते. अशा तक्रारींचे मूळ अनेकदा या एका चुकीच्या जोडणीत सापडते.

पहिला तास

राउटर बसवताना क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणी तार जोडून आधी इंटरनेट सुरू केले जाते व सुरक्षेचे काम 'नंतर पाहू' म्हणून सोडले जाते. हे 'नंतर' सहसा उजाडत नाही. म्हणून दूरध्वनीची तार लावण्यापूर्वीच राउटर केबलने एका संगणकाला जोडावा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता लिहावा. अनेक राउटरमध्ये तो १९२.१६८.१.१ असा असतो व पेटीच्या तळाशी छापलेला असतो. तेथे प्रवेश करून सर्वप्रथम कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलावा. अनेक जुन्या पेट्यांत वापरकर्त्याचे नाव 'अ‍ॅडमिन' आणि परवलीचा शब्दही 'अ‍ॅडमिन' असतो, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे.

त्यानंतर सेवादात्याने दिलेले नाव व परवलीचा शब्द भरावा आणि जोडणीचा प्रकार निवडावा. येथे एक भेद समजून घेणे इष्ट ठरते. ब्रिज पद्धतीत राउटर केवळ पूल बनतो. इंटरनेटची जोडणी संगणक स्वतः करतो आणि बाहेरच्या जगाला थेट सामोरा जातो. पीपीपीओई पद्धतीत जोडणी राउटर करतो, आतील संगणकांना खासगी पत्ते वाटतो आणि बाहेरून न मागवता आलेली वाहतूक सामान्यतः दारातच थोपवतो. दोन-चार संगणक व एक छपाईयंत्र असलेल्या कार्यालयासाठी दुसरी पद्धतच योग्य होय. छपाईयंत्राला मात्र एक पत्ता कायमचा राखून द्यावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर 'प्रिंटर सापडत नाही' ही ओरड होत नाही.

शेवटी बाहेरून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, राउटरच्या व्यवस्थापनात प्रवेश देणारी सोय बंद करावी. सेवादात्याला दूरस्थ देखभालीसाठी ती हवी असल्यास त्याच्याशी बोलून निर्णय घ्यावा. सर्व मांडणी पूर्ण झाल्यावर तिची एक प्रत संगणकावर जतन करावी आणि मगच दूरध्वनीची तार जोडावी.

न बदललेल्या शब्दाची किंमत

हे सारे सांगोपांग सांगण्याचे कारण कल्पनेतले नाही. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम एका घातक आज्ञावलीच्या तडाख्यात सापडले. सुमारे ६० हजार मोडेम बाधित झाल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. ज्यांनी मूळचा परवलीचा शब्द बदललेला नव्हता, अशा पेट्या या हल्ल्याला बळी पडल्या आणि तो शब्द तातडीने बदलावा, असे आवाहन ग्राहकांना करण्यात आले. तेथे सेवा बंद पडली, म्हणून निदान बिघाड लक्षात तरी आला.

ब्राझीलमध्ये २०११ साली जे घडले ते अधिक चिंताजनक होते. काही डीएसएल मोडेममधील त्रुटीचा लाभ घेऊन गुन्हेगारांनी त्यांतील डीएनएसचे पत्ते गुपचूप बदलले. डीएनएस ही इंटरनेटची नामसूची आहे. ग्राहक बँकेच्या संकेतस्थळाचे नाव लिहितो आणि ही सूची त्याला योग्य दारी पोहोचवते. सूचीच खोटी झाली, की अचूक नाव लिहूनही ग्राहक भलत्याच दारी पोहोचतो. सुरक्षा-संशोधकांनी २०१२ साली मांडलेल्या माहितीनुसार सुमारे ४५ लाख मोडेम या जाळ्यात सापडले होते. संगणक निर्दोष, ग्राहक सावध, तरीही वाटच वळवलेली!

यावरून कार्यालयाने दोन सवयी लावून घ्याव्यात. महिन्यातून एकदा राउटरमध्ये प्रवेश करून डीएनएसचे पत्ते आपण नोंदवून ठेवलेल्या पत्त्यांशी ताडून पाहावेत. आणि बँकेचे संकेतस्थळ उघडताना ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिल्यास 'तरीही पुढे जा' हे बटण कदापि दाबू नये. व्यवहार तेथेच थांबवून शाखेशी संपर्क साधावा. भारतीय बँकांनी आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या राखीव नामक्षेत्रात ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ साली दिला. तेव्हा नावाच्या अखेरीस काय लिहिले आहे, याकडेही लक्ष असावे.

बिनतारी जोडणी : भिंतीपलीकडचे दार

केबल भिंतीत थांबते. वाय-फायचा संकेत भिंतीपलीकडे जातो. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथे झालेल्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग तपास यंत्रणांना नवी मुंबईतील एका घरापर्यंत घेऊन गेला. तेथील बिनतारी जोडणी असुरक्षित होती आणि तिचा वापर परक्यांनी केला होता. जोडणी ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, हा त्या घटनेचा धडा आहे.

वाय-फायसाठी किमान डब्ल्यूपीए-२ आणि उपलब्ध असल्यास २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही पद्धत निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१ पासूनच कमकुवत ठरली आहे. ज्या पेटीत तेवढीच सोय आहे, ती पेटी निवृत्त करावी. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वेगळी 'पाहुण्यांची' जोडणी ठेवावी. कार्यालयाचा कर्मचारी नोकरी सोडून गेला, की वाय-फायचा परवलीचा शब्द बदलावा. कपाटाची किल्ली परत घेतली जाते, मग हीच किल्ली का राहावी?

निगा : उष्णता, वीज आणि पाऊस

राउटर दिवसरात्र चालतो व तापतो. त्याला मोकळी हवा मिळेल असा उभा फळीचा कोपरा द्यावा. त्यावर फायली ठेवू नयेत. अ‍ॅडाप्टर हरवल्यास हाताला लागेल तो जोडू नये. पेटीवर छापलेले व्होल्ट तंतोतंत तेच असावेत, टोकांची दिशा तीच असावी आणि अँपिअर त्याहून कमी नसावेत. भारनियमनाच्या गावी संगणकाच्या यूपीएसवरच राउटरही घ्यावा, अन्यथा संगणक चालू आणि वाट बंद अशी गत होते.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या, की दुहेरी धोका असतो. विजेचा धक्का विद्युत तारेतून येतो तसा दूरध्वनीच्या तारेतूनही येतो. केवळ भिंतीवरील बटण बंद करून भागत नाही. दूरध्वनीची तारही काढावी. तारेवर संरक्षक बसवला असल्यास त्याचे भूसंपर्कन नीट आहे ना, हे विद्युत कारागिराकडून पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. भूसंपर्कन नसलेला संरक्षक हा शोभेचाच असतो.

उत्पादकाने प्रसिद्ध केलेली फर्मवेअरची सुधारणा दर तीन महिन्यांनी पाहावी. ती उत्पादकाच्या वा सेवादात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि बसवताना वीज जाणार नाही अशी खात्री करावी. ज्या पेटीसाठी सुधारणा येणे बंद झाले आहे, ती चालत असली तरी तिचे आयुष्य संपले आहे असे समजावे.

दिवे काय सांगतात?

बिघाड होताच राउटरवरील बारीक छिद्रात टाचणी खुपसून सर्व मांडणी पुसून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने परवलीचा शब्दही मूळपदावर येतो आणि दार पुन्हा सताड उघडते. आधी दिवे पाहावेत. डीएसएलचा दिवा लुकलुकत राहिला, तर दोष तारेत आहे. तेव्हा दूरध्वनीवर खरखर आहे का ते ऐकावे, स्प्लिटर काढून राउटर थेट जोडून पाहावा आणि तरीही दिवा स्थिरावला नाही तर तक्रार नोंदवावी. डीएसएलचा दिवा स्थिर, पण इंटरनेटचा दिवा बंद असेल, तर जोडणीचे नाव, परवलीचा शब्द किंवा थकलेले देयक पाहावे. दोन्ही दिवे स्थिर असून एकाच संगणकावर इंटरनेट येत नसेल, तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या केबलमध्ये असतो.

तक्रार नोंदवताना राउटरच्या स्थितिपत्रकावरील आकडे सोबत दिल्यास काम लवकर होते. संकेत आणि गोंगाट यांच्यातील अंतर ६ डेसिबेलच्या खाली गेले, की जोडणी वारंवार तुटते. जोडणी उत्तम चालत असतानाचे आकडे नोंदवून ठेवले असतील, तर पावसानंतर सांध्यात पाणी शिरल्याचा पुरावाच हाती येतो.

जबाबदारी कोणाची?

बँकेत तिजोरीची दुसरी किल्ली मोहोरबंद करून अन्यत्र ठेवण्याची प्रथा आहे. छोट्या कार्यालयानेही राउटरचा परवलीचा शब्द कागदावर लिहून बंद लिफाफ्यात मालकाजवळ ठेवावा. राउटर बसवून गेलेल्या कारागिराच्या स्मरणात ती किल्ली राहता कामा नये. एका वहीत राउटरचा प्रकार, बसवल्याची तारीख, डीएनएसचे पत्ते, सुधारणांच्या तारखा आणि तक्रारींचे क्रमांक नोंदवावेत. त्यासाठी कर्मचाऱ्यांपैकी एकाचे नाव ठरवून द्यावे. सर्वांचे काम म्हणजे कोणाचेच नाही.

याचा थेट संबंध पैशाशी आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसताना झालेल्या व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर दायित्व येत नाही, हे तत्त्व त्यात होते. परंतु ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे हानी झाली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते, हेही त्यातच नमूद होते. म्हणून संशय येताच बँकेला कळवावे आणि सायबर आर्थिक फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

उद्या तांब्याची तार जाऊन प्रकाशतंतू येईल, वेग दसपट होईल, स्प्लिटर अडगळीत जाईल. नव्या पेटीवरही कारखान्यातून आलेला एक परवलीचा शब्द असेलच. तो पहिल्याच दिवशी, तार जोडण्यापूर्वी बदलला गेला, तर जुन्या पेटीने शिकवलेला धडा वाया गेला नाही, असे म्हणता येईल.